दाराशी आलेल्याचे काय?

निवडणुका जवळ आल्या की राजकीय पक्षांच्या संकेतस्थळांना रंगसफेदी होते. नेत्यांची नवी छायाचित्रे झळकतात, घोषणा बदलतात, जाहीरनामा चढवला जातो आणि एका कोपऱ्यात 'आमच्याशी संपर्क साधा' अशी ओळ येऊन बसते. निकाल लागले की मांडव उतरवावा तशी ही लगबग संपते. ज्या नागरिकाने आपणहून नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक त्या चौकटीत लिहून दिला, त्याचे पुढे काय झाले, हे पक्षाला बहुधा ठाऊक नसते आणि त्याची कुणाला खंतही नसते. संकेतस्थळ किती देखणे झाले, किती लोकांनी ते पाहिले, यावर भरपूर चर्चा होते. दाराशी आलेल्याचे काय झाले, ही चर्चा क्वचितच होते. आमच्या मते संकेतस्थळाची खरी परीक्षा या एका प्रश्नानेच व्हावयास हवी.

संघटनेचे काम केलेल्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. पूर्वी पक्षकार्यालयाचा जिना चढून एखादा अनोळखी तरुण वर आला, तर तेथील जुनाजाणता कार्यकर्ता त्याला बसवून घेई, कुठे राहतोस, काय करतोस अशी विचारपूस करी, आणि तो उठण्यापूर्वी मतदारयादीची दोन पाने त्याच्या हाती देऊन एवढ्या चिठ्ठ्या लिहून आण म्हणून सांगे. त्या दोन पानांनी तो तरुण पक्षाचा होत असे. भाषण ऐकून भारावलेला माणूस आठ दिवसांत विसरतो. स्वतः काम केलेला माणूस सहसा विसरत नाही. आज तोच तरुण रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवरून येतो. जिना बदलला, माणूस तोच आहे. त्याला तीच विचारपूस हवी असते आणि तसेच काम हवे असते.

या माध्यमातून माणूस जोडण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत तपशीलवार नोंदला गेलेला प्रयोग अमेरिकेत झाला. त्यातील यश आपल्याकडे पुष्कळ सांगितले गेले आहे. त्यातील अपयश मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणि शिकण्यासारखे आहे ते या दोहोंच्या मधल्या जागेत.

प्रारंभ अगदी साधा होता. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॉब डोल यांनी दूरचित्रवाणीवरील वादसभेच्या अखेरीस आपल्या संकेतस्थळाचा पत्ता सांगितला, आणि सांगताना त्यातला एक टिंब गाळला. त्या काळी संकेतस्थळ म्हणजे छापील पत्रकाची पडद्यावरील प्रत होती. १९९८ मध्ये जेसी व्हेंचुरा या माजी कुस्तीगिराने मिनेसोटाचे राज्यपालपद जिंकले, तेव्हा ई-मेल आणि संकेतस्थळ यांच्या साह्याने स्वयंसेवक गोळा करता येतात हे दिसले. २००० मध्ये जॉन मॅकेन यांनी न्यू हॅम्पशायरमधील प्राथमिक फेरी जिंकल्यावर काही दिवसांत महाजालावरून दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या आल्या. पैसा येऊ शकतो हे कळले. माणसे कशी येतात आणि का टिकतात, हे कळायचे होते.

ते शिकवले हॉवर्ड डीन यांनी, आणि तेही पराभूत होऊन. व्हर्मोंट हे अमेरिकेतील अगदी लहान राज्य. त्या राज्याचे हे माजी राज्यपाल २००३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी ना पैसा होता ना प्रसिद्धी. इराक युद्धाला त्यांचा स्पष्ट विरोध होता, आणि तसा विरोध असणारे हजारो लोक आपापल्या गावी एकएकटे होते. 'मीटअप' नावाच्या संकेतस्थळाच्या आधारे ही मंडळी ठरल्या दिवशी उपाहारगृहांत आणि ग्रंथालयांत भेटू लागली. प्रचारप्रमुख जो ट्रिपी यांचे शहाणपण एवढेच की, आपोआप जमलेल्या या मेळाव्यांना त्यांनी वरून हुकूम सोडले नाहीत. प्रचाराचा अधिकृत ब्लॉग सुरू झाला, त्यावर समर्थकांनी सूचना करावयाच्या आणि मुख्यालयाने त्यातल्या काही स्वीकारायच्या, असा प्रघात पडला. २००३ च्या जुलैमध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दोन हजार डॉलर ताट अशा दराने भोजन ठेवले होते. त्याच दिवशी डीन आपल्या संगणकासमोर साधे सँडविच खात बसले, ते दृश्य समर्थकांनी महाजालावर पाहिले आणि पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम लहान लहान देणग्यांनी जमली. त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत त्यांनी सुमारे एक कोटी ४८ लाख डॉलर उभे केले. त्या पक्षात एवढी रक्कम एका तिमाहीत तोवर कोणी उभी केली नव्हती.

आणि तरीही १९ जानेवारी २००४ रोजी आयोवात डीन तिसरे आले. जॉन केरी यांना सुमारे ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स यांना ३२ टक्के आणि डीन यांना अवघे १८ टक्के प्रतिनिधी मिळाले. आयोवाची पद्धत वेगळी आहे. तेथे थंडीच्या संध्याकाळी एका वस्तीतले लोक शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात जमत, शेजाऱ्यांसमोर उघडपणे आपल्या उमेदवाराच्या बाजूला उभे राहत आणि दुसऱ्याला आपल्याकडे ओढत. तेथे शेजाऱ्याचा शब्द चालतो. डीन यांच्या मदतीला अन्य राज्यांतून हजारो तरुण डोक्यावर नारिंगी टोप्या घालून आले होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही, पण ज्या दारावर ते थाप मारत होते, त्या घराला ते परके होते. महाजालाने देशभरातले समविचारी एकत्र केले. आयोवातल्या गल्लीत मात्र ओळखीचा माणूस लागत होता.

पराभवातून शिकण्याची वृत्ती असेल तर पराभवही भांडवल ठरतो. डीन यांच्या मोहिमेत काम केलेल्या चार तरुणांनी २००४ मध्ये 'ब्लू स्टेट डिजिटल' ही संस्था काढली आणि या मोहिमेत वापरलेली साधने नीट घडवली. स्वतः डीन २००५ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि विजयाची आशा नसलेल्या राज्यांसह पन्नासही राज्यांत पगारी संघटक नेमण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले. मतदारांची विखुरलेली माहिती एका पद्धतीने नोंदण्याचे कंटाळवाणे कामही याच काळात झाले. २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या विजयाने जग चकित झाले, त्यामागे ही चार वर्षांची मशागत होती. आपल्याकडे पीक पाहून धावणारे पुष्कळ. मशागतीची चौकशी करणारे थोडे.

१० फेब्रुवारी २००७ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे ओबामा यांनी उमेदवारी जाहीर केली, आणि त्याच दिवशी 'माय बराक ओबामा' हे त्यांचे समर्थकांसाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. ते उभारण्याचे काम ब्लू स्टेट डिजिटलकडे होते, आणि फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक असलेले ख्रिस ह्यूजेस हे त्यासाठी येऊन मिळाले. या संकेतस्थळावर आलेल्या माणसाला काय मिळत असे, ते पाहण्यासारखे आहे. आपला टपाल विभागाचा क्रमांक लिहिला की जवळपास कोणती बैठक आहे, हे त्याला कळे. बैठक नसेल तर स्वतःच्या घरी ठेवण्याची सोय होती. त्याला आपला गट काढता येई, मित्रांकडून देणग्या गोळा करण्यासाठी स्वतःचे पान उघडता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरबसल्या मतदारांच्या दूरध्वनी क्रमांकांची छोटी यादी मिळे. संभाषण कसे करावे याचे टिपण सोबत असे. आणि कोण काय म्हणाले, हे त्याने नोंदवले की ती नोंद मुख्यालयाच्या मतदारयादीत जाऊन बसे. चिठ्ठ्या लिहिण्यासाठी दिलेल्या त्या दोन पानांचेच हे नवे रूप होते. निवडणूक संपेपर्यंत या संकेतस्थळावर सुमारे २० लाख लोकांनी नोंदणी केली, ३५ हजारांच्या आसपास गट निघाले आणि दोन लाखांच्या घरात प्रत्यक्ष कार्यक्रम ठरले. पडद्यावर सुरू झालेली गोष्ट दोन लाख वेळा पडद्याबाहेर आली, हे या आकड्यांतले मर्म आहे.

या दारावरच्या पाटीचीही त्यांनी परीक्षा घेतली. गूगलमधून आलेल्या डॅन सिरोकर या तरुणाने २००७ च्या डिसेंबरात संकेतस्थळाच्या पहिल्या पानाची चोवीस रूपे तयार केली. छायाचित्रे आणि चित्रफिती मिळून सहा पर्याय, आणि नाव नोंदवण्याच्या कळीवरील शब्दांचे चार पर्याय. तीन लाखांहून अधिक पाहुण्यांना ही रूपे वाटून दाखवण्यात आली. मुख्यालयातल्या मंडळींना एक चित्रफीत विशेष आवडली होती. प्रत्यक्षात सगळ्याच चित्रफिती छायाचित्रांपेक्षा मागे पडल्या. ओबामा यांचे सहकुटुंब छायाचित्र आणि 'नाव नोंदवा' याऐवजी 'अधिक जाणून घ्या' हे सौम्य शब्द, ही जोडी सर्वांत सरस ठरली. मूळ पानावर शंभरांतील सव्वाआठ लोक नाव नोंदवीत. नव्या पानावर साडेअकराहून थोडे अधिक. सिरोकर यांच्या हिशेबानुसार या एका बदलाने मोहिमेच्या अखेरीपर्यंत २८ लाखांहून अधिक पत्ते जास्तीचे मिळाले. आपल्याकडे पहिल्या पानावर कोणाचे छायाचित्र किती मोठे, हे पक्षातील ज्येष्ठतेनुसार ठरते. येणाऱ्या माणसाला काय भावते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजावयाची आहे.

पैशाची बाजूही पाहू. सुमारे ३० लाख लोकांनी महाजालावरून ओबामा यांना सुमारे ५० कोटी डॉलर दिले, आणि बहुसंख्य देणग्या शंभर डॉलर किंवा त्याहून कमी होत्या. त्या वेळी एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी २,३०० डॉलरपर्यंतच देणगी देता येई. बड्या देणगीदारांवर विसंबणाऱ्यांची ही मर्यादा लवकर भरते; लहान देणगीदाराला मात्र पुन्हा पुन्हा हाक मारता येते. परंतु येथे भाबडेपणा नको. निवडणुकीनंतर झालेल्या अभ्यासातून असे दिसले की एकूण मिळून २०० डॉलर किंवा त्याहून कमी देणाऱ्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांशच होता, आणि २००४ मध्ये जॉर्ज बुश यांच्या बाबतीतही तो जवळपास तेवढाच होता. देणगीच्या पानावर पत्त्याची पुरेशी पडताळणी होत नाही, अशी टीकाही तेव्हा झाली. शिवाय, आपल्यापाशी एवढा ओघ आहे हे दिसताच ओबामा यांनी सार्वत्रिक निवडणुकीसाठी मिळणारा सरकारी निधी, आणि त्याबरोबर येणारी खर्चमर्यादा, दोन्ही नाकारले. तशी पद्धत १९७६ पासून सुरू झाल्यानंतर असे करणारे ते मोठ्या पक्षाचे पहिलेच उमेदवार. लोकवर्गणीच्या नावाने खर्चाचा बांधच फुटला.

या साधनांना माणसे का चिकटून राहिली, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ओबामा यांनी उमेदीच्या काळात शिकागोच्या गरीब वस्त्यांत संघटकाचे काम केले होते. २००७ मध्ये स्वयंसेवकांसाठी जी प्रशिक्षण शिबिरे झाली, त्यांच्या आखणीत हार्वर्ड विद्यापीठातील मार्शल गँझ यांचा मोठा हात होता, आणि गँझ हे सेझार चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीत वर्षानुवर्षे काम केलेले कार्यकर्ते होते. आपण या कामात का आलो, हे शेजाऱ्याला दोन मिनिटांत मनापासून सांगता आले पाहिजे, हा त्या शिबिरांतला पहिला धडा. ३ जानेवारी २००८ रोजी ज्या आयोवाने डीन यांना नाकारले होते, त्याच आयोवाने ओबामा यांना पहिले स्थान दिले. साधने बरीचशी तीच होती. या खेपेस स्थानिक माणूस स्थानिक माणसाशी बोलत होता.

येथवरची कथा यशाची. पण ज्या प्रसंगाने या साऱ्या प्रयोगाची खरी कसोटी लागली, तो २००८ च्या उन्हाळ्यातला आहे. अमेरिकन सरकारने न्यायालयाच्या परवानगीवाचून लोकांची संभाषणे ऐकली होती आणि त्यात दूरध्वनी कंपन्यांनी मदत केली होती. या कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणारे विधेयक सिनेटपुढे आले. असे संरक्षण देणाऱ्या विधेयकाला आपण विरोध करू, असे ओबामा यांच्या वतीने आधी सांगण्यात आले होते. उमेदवारी निश्चित झाल्यावर, जूनमध्ये, त्यांनी तडजोडीच्या विधेयकाला पाठिंबा जाहीर केला. तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी, त्यांच्याच संकेतस्थळावर, त्यांच्याच साधनांनी एक गट काढला आणि विरोधात मत द्या अशी त्यांना विनंती केली. काही दिवसांतच तो त्या संकेतस्थळावरील सर्वांत मोठा गट झाला. सदस्यसंख्या २० हजारांच्या पुढे गेली.

मुख्यालयाने तो गट पुसून टाकला नाही, हे नमूद करावयास हवे. ३ जुलै रोजी ओबामा यांनी त्याच संकेतस्थळावर सविस्तर उत्तर दिले, मतभेद मान्य केला, आणि त्यांचे सल्लागार समर्थकांच्या प्रश्नांना तेथेच उत्तरे देत बसले. ९ जुलैला त्यांनी संरक्षणाचे कलम वगळण्याच्या दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. ती दुरुस्ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकाच्या बाजूने मत दिले. म्हणजे ऐकले, उत्तर दिले, पण निर्णय बदलला नाही. नेत्याने प्रत्येक वेळी बहुमताच्या आवाजापुढे मान तुकवावी, असे आमचे म्हणणे नाही. नेतृत्व म्हणजे कौलांची बेरीज नव्हे. पण नेत्याने उत्तर देण्याचे कर्तव्य मानले, ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडील किती पक्ष आपल्याच संकेतस्थळावर आपल्याच समर्थकांना आपल्या निर्णयाविरुद्ध गट काढू देतील, आणि किती नेते त्यांना लेखी उत्तर देतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

विजयानंतर मात्र हे दार अर्धे मिटले. २००९ च्या जानेवारीत समर्थकांचे हे जाळे 'ऑर्गनायझिंग फॉर अमेरिका' या नावाने पक्षाच्या राष्ट्रीय समितीकडे सोपवण्यात आले. मोहिमेपाशी तेव्हा सुमारे एक कोटी ३० लाख ई-मेल पत्ते होते. पण काम एकाच दिशेने वाहू लागले. वरून संदेश यायचा, खालच्याने आपल्या लोकप्रतिनिधीला दूरध्वनी करावयाचा किंवा पैसे पाठवावयाचे. कोणत्या प्रश्नावर लढावयाचे, हे ठरवण्यात खालच्या गटांना वाटा राहिला नाही. १९ जानेवारी २०१० रोजी मॅसॅच्युसेट्समधील एडवर्ड केनेडी यांची कित्येक दशकांची जागा पक्षाने गमावली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहातील ६३ जागा गेल्या. या पराभवांना मंदी आणि बेकारी ही मोठी कारणे होती, हे खरे. तरी पत्ते तेवढेच असताना पाय का निघाले नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मंदीत मिळत नाही. ज्याला निवडणुकीत सहकारी म्हणून हाक मारली, त्याला विजयानंतर नुसता श्रोता केले, तर तो उठून जातो.

आता आपल्याकडे वळू. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत लालकृष्ण अडवाणी यांच्या नावाचे संकेतस्थळ, त्यावरील त्यांचा ब्लॉग आणि महाजालावरील जाहिराती यांचा मोठा गाजावाजा झाला. ओबामा यांचा विजय नुकताच झाला होता आणि त्याची छाया या प्रयत्नावर होती. निकालात भाजपच्या जागा १३८ वरून ११६ वर आल्या. संकेतस्थळामुळे कोणी हरत नाही. पण तेव्हाची परिस्थिती विसरून चालणार नाही. मतदार ७१ कोटींहून अधिक, आणि देशातील ब्रॉडबँड जोडण्या सुमारे ६२ लाख. भ्रमणध्वनी मात्र ३९ कोटींच्या घरात पोहोचले होते. आपला मतदार ज्या दारातून येऊ शकत होता, ते दार खिशातल्या साध्या भ्रमणध्वनीचे होते, आणि आपण मात्र परदेशी नमुन्याची कमान दुसऱ्याच रस्त्यावर उभारली.

पुढील पाच वर्षांत हे उमजले. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी 'इंडिया २७२' या नावाने स्वयंसेवकांसाठी संकेतस्थळ निघाले आणि मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवण्याची अस्सल भारतीय युक्ती सर्वदूर झाली. भाजपला २८२ जागा मिळाल्या. त्यानंतर मिस्ड कॉलच्या आधारे झालेल्या सदस्यनोंदणीत दहा कोटींचा टप्पा ओलांडल्याचे पक्षाने जाहीर केले, आणि लगेच २०१५ मध्ये या सदस्यांना प्रत्यक्ष भेटण्यासाठी महासंपर्क अभियान हाती घेतले. क्रमांक मिळणे आणि माणूस मिळणे यांतील अंतर पक्षाने स्वतःच त्यातून मान्य केले, असे आम्ही मानतो. ते अंतर चालत जाऊनच तोडावे लागते.

अन्य पक्षांच्या अनुभवातही बोध आहे. आम आदमी पक्षाने देणगीदारांची नावे आपल्या संकेतस्थळावर उघड ठेवण्याचा गाजावाजा करून आरंभ केला. २०१६ मध्ये ती यादी संकेतस्थळावरून गेली. पारदर्शकतेचे वचन संकेतस्थळावर देणे सोपे, पण ते पाळले नाही की सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडते.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले आणि फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती परस्पर हाताळली गेल्याचे दिसले. त्याच महिन्यात आपल्याकडे भाजप आणि काँग्रेस यांनी एकमेकांच्या अ‍ॅपवर माहिती बाहेर पाठवल्याचे आरोप केले आणि काँग्रेसने आपले अ‍ॅप काढून घेतले. मार्च २०१९ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, भाजपचे अधिकृत संकेतस्थळ घुसखोरीनंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. कोणत्याही पक्षाला यातून सुटका नाही. विश्वासाने दिलेला दूरध्वनी क्रमांक ही ठेव आहे, आणि ठेव सांभाळता येत नसेल तर ती मागू नये. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. पक्षांनी कायद्याच्या धाकाने नव्हे, तर कार्यकर्त्याच्या लाजेखातर तो पाळावा.

संकेतस्थळांचे दिवस संपले, आता व्हॉट्सअ‍ॅप आणि समाजमाध्यमे पुरेशी आहेत, असे काही मंडळी म्हणतात. हे अदूरदर्शीपणाचे आहे. समाजमाध्यम हे भाड्याचे घर आहे. जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने अमेरिकेच्या पदावर असलेल्या अध्यक्षांचे खाते बंद केले, आणि कोट्यवधी अनुयायी एका क्षणात हातचे गेले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद असू शकतील. घरमालक कोण आहे याविषयी असू शकत नाहीत. पक्षाचे स्वतःचे संकेतस्थळ ही त्याची स्वतःची जागा आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या जागेवर मराठी तरी धड असावी. एके काळी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक निराळा असे. तो उतरवून घेतल्याशिवाय अक्षर दिसत नसे. युनिकोडमुळे ती अडचण केव्हाच सरली. तरीही जाहीरनामे आणि पत्रके अनेकदा चित्ररूपाने चढवली जातात. त्यातला शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकाच्या वाचनयंत्राला तो उच्चारता येत नाही. जाहीरनाम्यात शेतमालाच्या भावाविषयी काय म्हटले आहे, हे चंद्रपूरच्या शेतकऱ्याला किंवा सॅन होजेतील मराठी अभियंत्याला एका शब्दाने शोधता येऊ नये, यात कोणाचे हित आहे? दिलेले वचन सापडू नये, असे तर कोणाला वाटत नाही ना?

निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेल्या सूचनांनुसार उमेदवाराला समाजमाध्यमांवरील आपल्या खात्यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते, आणि महाजालावरील प्रचाराचा खर्च निवडणूक खर्चात धरावा लागतो. आयोगाचे काम तेथे संपते. पुढचे काम पक्षांचे आहे आणि ते अवघड नाही. नाव नोंदवणाऱ्याला ठरावीक दिवसांत त्याच्याच प्रभागातील माणसाचा दूरध्वनी जावा. पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती लहानसे पण खरे काम पडावे. त्याने सूचना वा तक्रार केली तर तिला उत्तर मिळावे, नकार असला तरी कारणासह मिळावा. आणि निकालानंतर, पक्ष जिंको वा हरो, त्याला पुन्हा एकदा हाक जावी. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती फक्त, दाराशी कोणी आले आहे हे पाहून उठण्याची सवय.

ज्यांनी सायकलवरून गावोगाव फिरून संघटना बांधल्या, त्यांच्यापाशी संगणक नव्हता. त्यांच्यापाशी एक वही होती, आणि त्या वहीतल्या प्रत्येक नावामागचा चेहरा त्यांना ठाऊक होता. आजच्या पक्षांपाशी त्या वहीच्या लक्षपट नावे आहेत. त्यांतील किती चेहरे आपण ओळखतो, हा प्रश्न प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने पुढील निवडणुकीची रंगसफेदी सुरू करण्यापूर्वी स्वतःला विचारावा.